सहा वाजता संपणारा दिवस

नोव्हेंबरमधली संध्याकाळ. फ्लोरिडात ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये, मॅजिक किंगडम या पार्कात दिवे नुकतेच लागलेले असतात. मेन स्ट्रीटवरच्या दुकानांवर हिरव्या माळा, चौकात उंचच उंच ख्रिसमस ट्री, रस्त्याच्या टोकाला सिंड्रेलाचा किल्ला. सकाळपासून उन्हात रांगा लावून दमलेली मुलं दिवे पाहून पुन्हा ताजीतवानी होतात. नेमके तेव्हाच सहा वाजतात. प्रत्येक राइडच्या तोंडाशी कर्मचारी उभे राहतात आणि येणाऱ्याचं मनगट बघतात. मनगटावर त्या रात्रीचा पट्टा असेल तर आत, नसेल तर नम्रपणे सांगितलं जातं की तुमच्यासाठी पार्क बंद झाला आहे.

पट्टा असलेले पाहुणे चार वाजल्यापासून आत येत असतात. सात ते मध्यरात्री बारा ही त्यांची वेळ. नाताळची खास परेड, खास आतषबाजी, मेन स्ट्रीटवर पडणारा कृत्रिम बर्फ, फुकट कुकी आणि गरम कोको, हे सगळं त्यांचं. ‘मिकीज व्हेरी मेरी ख्रिसमस पार्टी’ असं या कार्यक्रमाचं नाव. त्याचं तिकीट वेगळं. 2024 मध्ये ते तारखेनुसार माणशी 169 ते 219 डॉलर होतं आणि दिवसाच्या तिकिटाचा त्यात समावेश नव्हता. दिवसाचं तिकीट काढून आलेल्या माणसाचा दिवस मात्र सहाला संपतो.

हे कुठे लपवलेलं नाही. पार्कच्या वेळापत्रकात त्या दिवसापुढे बंद होण्याची वेळ दिलेली असते. तरीही दर हंगामात सहा वाजता त्या दरवाजांपाशी गोंधळलेली, चिडलेली, रडवेली कुटुंबं दिसतात. त्यांची तक्रार ‘लोकांनी वाचून यावं’ एवढ्यावर मोडीत काढता येत नाही. सुट्टीचा हंगाम, त्याच्या तारखा, त्यांचे दर आणि त्यांत होणारे बदल ही आता एक मोठी यंत्रणा झाली आहे. ती कशी चालते आणि तिचा भार शेवटी कोणावर पडतो, हे नीट पाहण्यासारखं आहे.

एकदाच येणारी माणसं

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतो. त्याला जोडून शाळा आणि कचेऱ्यांना सुट्टी मिळते. त्यानंतर नाताळ ते नववर्ष हा आठवडा. तिथे नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांनाही मोठ्या प्रवासासाठी मोकळे सापडतात ते हेच दिवस. पुण्याहून, नाशिकहून आलेले आजी-आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं असं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. व्हिसा, लांबचं विमान, सगळ्यांच्या रजा जुळवणं, आजोबांच्या गुडघ्यांना झेपेल असा बेत आखणं. हा प्रवास पुन्हा होईलच असं कुणी धरून चालत नाही.

ऑरलँडोत राहणाऱ्या माणसाला एखादी संध्याकाळ हुकली तर पुढचा शनिवार आहे. लांबून आलेल्याला ती हुकली म्हणजे हुकलीच. वेळापत्रकातला तोच बदल दोघांना सारखा लागत नाही. आणि अशा पार्कांचा हंगामातला धंदा बऱ्याच अंशी लांबून येणाऱ्यांवरच उभा असतो.

एका कार्यक्रमाचा हंगाम कसा झाला

मॅजिक किंगडम 1 ऑक्टोबर 1971 रोजी उघडलं. नाताळची वेगळ्या तिकिटाची पार्टी 1983 मध्ये सुरू झाली. कल्पना सोपी होती. थँक्सगिव्हिंगची गर्दी ओसरली की नाताळपर्यंत पार्क ओस पडत असे. त्या दिवसांत रात्रीचा खास कार्यक्रम ठेवला तर आसपासचे लोक येतील, असा तो विचार. 1995 मध्ये त्याच धर्तीवर हॅलोवीनची पार्टी आली.

आता नाताळची पार्टी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होते आणि नाताळच्या तोंडापर्यंत आठवड्यातल्या अनेक रात्री चालते. हॅलोवीनची पार्टी 2024 मध्ये 9 ऑगस्टलाच सुरू झाली होती. म्हणजे ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत, मधला थोडा काळ सोडला, तर आठवड्यातल्या कित्येक संध्याकाळी दिवसाच्या पाहुण्यांसाठी पार्क लवकर बंद होतो. ओस दिवस भरून काढण्यासाठी निघालेली युक्ती आज वर्षाचा मोठा तुकडा व्यापून बसली आहे.

याची एक दुसरी बाजूही आहे. पार्टीच्या दिवशी दुपारी गर्दी तुलनेनं कमी असते, कारण रात्रीची आतषबाजी हवी असलेले जाणकार तो दिवस टाळतात. ज्याला राइडच महत्त्वाच्या आहेत, त्याच्यासाठी सहाला संपणारा दिवस फायद्याचा ठरू शकतो. पार्टी नसलेल्या दिवशी मात्र सगळे एकदम लोटतात. शेवटची पार्टी संपली की नाताळची परेड आणि आतषबाजी साध्या तिकिटावरही दिसू लागते, पण तो वर्षातला सर्वांत गर्दीचा आठवडा असतो. नववर्षाच्या पूर्वसंध्येची आतषबाजी तर 30 आणि 31 डिसेंबर अशी दोन रात्री दाखवली जाते, कारण एका रात्रीत सगळे मावत नाहीत.

हे ज्याला ठाऊक आहे त्याची सहल साधते. ज्याला ठाऊक नाही तो तितकेच पैसे भरून कमी पाहून परततो. माहिती असणं हीच तिथे एक प्रकारची सवलत झाली आहे. पहिल्यांदा आलेल्या, इंग्रजीतल्या बारीक सूचना वाचायला बिचकणाऱ्या माणसाला ती मिळत नाही.

तासांवर रचलेली सहल

1971 मध्ये मॅजिक किंगडमचं मोठ्यांचं प्रवेश तिकीट 3.50 डॉलर होतं आणि राइडची कुपनं वेगळी घ्यावी लागत. तारीख कोणतीही असो, दर तोच. 2016 मध्ये एका दिवसाच्या तिकिटाचे दर हंगामानुसार वेगळे झाले, 2018 मध्ये अनेक दिवसांची तिकिटंही तारखेला बांधली गेली. 2025 च्या नाताळच्या आठवड्यात मॅजिक किंगडमच्या एका दिवसाच्या तिकिटानं 199 डॉलर गाठले.

रांगेची कहाणीही अशीच. 1999 मध्ये ‘फास्टपास’ आला तेव्हा तो फुकट होता. ऑक्टोबर 2021 मध्ये त्याच्या जागी पैसे देऊन रांग टाळण्याची सोय आली, सुरुवातीला दिवसाला 15 डॉलरला. वर्षभरात तिचे दरही तारखेप्रमाणे हलू लागले. 2024 मध्ये तिचं नाव ‘लाइटनिंग लेन’च्या नव्या रूपात बदललं आणि त्याच वर्षी रांग टाळण्याचा आणखी महागडा ‘प्रीमियर पास’ आला. त्या वर्षीच्या नाताळात मॅजिक किंगडमसाठी तो माणशी 449 डॉलरपर्यंत गेला. हे प्रवेशाच्या तिकिटाव्यतिरिक्त.

आता सहल आखणाऱ्याच्या जागी बसून पाहा. उपाहारगृहातलं टेबल 60 दिवस आधी राखता येतं. लाइटनिंग लेनच्या वेळा डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना 7 दिवस आधी निवडता येतात, बाकीच्यांना 3 दिवस आधी. विमान आणि हॉटेल त्याच्याही कितीतरी आधी ठरलेलं. हा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा असतो, ती म्हणजे पार्क किती वाजता उघडणार, किती वाजता मिटणार आणि रात्रीचा कार्यक्रम कधी होणार.

आणि तीच गोष्ट पक्की नसते. पार्कच्या वेळा काही महिने आधी जाहीर होतात. मग बुकिंगचा अंदाज येत जातो तशा त्या बदलतात. बहुतेकदा तास वाढतात, म्हणजे बदल पाहुण्याच्या बाजूनं असतो. पण बंद होण्याची वेळ पुढे गेली की आतषबाजीची वेळही सरकू शकते. आतषबाजी आठला आहे म्हणून साडेसहाचं जेवण घेतलेलं असतं, ती सरकली की जेवण, परतीची बस आणि झोपेला आलेली नातवंडं यांचं गणित पुन्हा मांडावं लागतं. 25 डिसेंबरला टीव्हीवर दिसणाऱ्या नाताळ परेडचं चित्रण कित्येक आठवडे आधीच होतं, त्या दिवसांत किल्ल्यासमोरचा भाग अडवला जातो. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये हॉन्टेड मॅन्शनला 2001 पासून हॅलोवीन आणि नाताळचं मिळून एक रूप चढवलं जातं. ते चढवायला आणि उतरवायला राइड काही काळ बंद ठेवावी लागते. नेमकी तीच राइड बघायला आलेल्याच्या वाट्याला बंद दार येतं.

यातला कुठलाही बदल पार्कला विनाकारण करावा लागत नाही. डागडुजी हवी, सजावट हवी, गर्दी वाढली तर तास वाढवायला हवेत. अडचण अशी की पार्क आपली सोय शेवटच्या क्षणापर्यंत हाताशी ठेवतो, पाहुण्याला मात्र दोन महिने आधीच सगळं बांधून घ्यावं लागतं. एका बाजूला मोकळीक, दुसऱ्या बाजूला बांधिलकी. चिडचिड जन्म घेते ती या विषमतेतून.

‘एकही दिवस बंद नाही’

ही विषमता न्यायालयापर्यंत गेली ती कॅलिफोर्नियात. ऑगस्ट 2021 मध्ये डिस्नेलँडनं वार्षिक पासची नवी योजना आणली. त्यातल्या सर्वांत महागड्या ‘ड्रीम की’ची किंमत होती 1,399 डॉलर. इतर पासांना गर्दीचे काही दिवस वर्ज्य असत, याला एकही दिवस वर्ज्य नाही अशी जाहिरात होती. मात्र पास असला तरी येण्याआधी त्या दिवसाचं आरक्षण करणं सक्तीचं होतं.

एका पासधारक महिलेनं नोव्हेंबरमधल्या काही तारखांचं आरक्षण करायला घेतलं, तेव्हा तिला जागा नाही असं उत्तर मिळालं. त्याच तारखांना एका दिवसाची तिकिटं मात्र विकली जात होती. पार्क भरलेला नाही, फक्त पासधारकांसाठी ठेवलेला वाटा संपला आहे, असा तिचा आक्षेप होता. 2021 च्या अखेरीस तिनं दावा दाखल केला. आरक्षणाची अट आपण स्पष्ट सांगितली होती, असं कंपनीचं म्हणणं होतं. 2023 मध्ये 95 लाख डॉलरवर तडजोड झाली. कंपनीनं चूक मान्य केली नाही. वकिलांची फी आणि इतर खर्च वजा जाता उरलेली रक्कम सुमारे एक लाख तीन हजार पासधारकांमध्ये वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 67 डॉलर आले.

त्याआधीच, 2022 मध्ये, ड्रीम कीची विक्री थांबली होती. तिच्या जागी 1,599 डॉलरचा नवा पास आला आणि त्याला नाताळ ते नववर्ष हे दिवस उघडपणे वर्ज्य केलेले होते. पास महाग झाला, सवलत कमी झाली, पण निदान घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे कळत होतं. माझ्या मते या प्रकरणाचा खरा धडा तिथे आहे. लोकांना बंधन सहन होतं. पैसे घेताना खुल्या ठेवलेल्या दाराला नंतर कडी लागलेली सहन होत नाही.

साथीनंतरची घडी

आरक्षणाची ही पद्धत आली कोविडमुळे. जुलै 2020 मध्ये ऑरलँडोचे पार्क पुन्हा उघडले तेव्हा गर्दी मर्यादित ठेवणं भागच होतं. तिकिटासोबत विशिष्ट पार्कचं, विशिष्ट दिवसाचं आरक्षण सक्तीचं झालं. एका दिवसात एकाहून अधिक पार्क पाहण्याची मुभा जानेवारी 2021 मध्ये परत आली, तीही दुसऱ्यात दुपारी दोननंतरच जाण्याच्या अटीवर. 2020 मध्ये नाताळची पार्टी झालीच नाही. 2021 मध्ये ती वेगळ्या नावानं आणि चढ्या दरानं आली, रात्री नऊ ते एक अशी.

साथ ओसरली, तरी तारखेच्या तिकिटांवरची आरक्षणाची सक्ती ऑरलँडोत उठली ती थेट 9 जानेवारी 2024 रोजी. दोनची अटही त्याच दिवशी गेली. संकटात केलेली व्यवस्था व्यवस्थापनाला सोयीची ठरली, कारण कोणत्या दिवशी किती माणसं येणार हे आधीच कळू लागलं होतं.

ही सोय कर्मचाऱ्यांच्या वाट्याला त्याच मापानं आली नाही, हेही सांगायला हवं. सप्टेंबर 2020 मध्ये डिस्नेनं अमेरिकेत 28,000 जणांना कामावरून कमी करण्याचं जाहीर केलं. पार्क पुन्हा भरले तरी परेड, रात्रीचे कार्यक्रम, पार्किंगमधली ट्राम हे सगळं टप्प्याटप्प्यानं परत आलं. ऑरलँडोतल्या कामगार संघटनांना 2023 च्या करारात सुरुवातीचं किमान वेतन ताशी 18 डॉलरपर्यंत नेता आलं, तेही दीर्घ वाटाघाटींनंतर. सहा वाजता मनगट पाहणारा, आतषबाजी वाऱ्यामुळे रद्द झाल्याचं सांगणारा माणूस हाच. वेळापत्रक त्यानं ठरवलेलं नसतं, पण बोलणी तो खातो. पाहुण्यांनी आपला राग त्याच्यावर काढू नये आणि कंपनीनंही त्याला ढालीसारखं पुढे करू नये.

आधी सांगून गेलेले दिवे

बदल कितीही मोठा असला तरी तो कसा सांगितला जातो यावर पुष्कळ अवलंबून असतं. अर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात जेनिंग्ज ऑस्बॉर्न नावाचे उद्योजक राहत. 1986 मध्ये मुलीच्या हौसेखातर त्यांनी घरावर नाताळचे दिवे लावले. ते वाढत वाढत तीस लाखांपर्यंत गेले. बघ्यांच्या गर्दीनं शेजारी त्रस्त झाले, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल ऑस्बॉर्न यांच्या विरोधात लागला. 1995 मध्ये डिस्नेनं ते दिवे ऑरलँडोतल्या आपल्या स्टुडिओ पार्कात आणले. पुढची दोन दशकं हजारो कुटुंबांचा नाताळ त्या दिव्यांखाली झाला.

सप्टेंबर 2015 मध्ये डिस्नेनं जाहीर केलं की हा हंगाम शेवटचा. त्या जागेवर ‘स्टार वॉर्स’ आणि ‘टॉय स्टोरी’ यांचे नवे विभाग व्हायचे होते. लोकांना वाईट वाटलं, काहींना राग आला. पण हंगामाआधी सांगितलं असल्यामुळे ज्यांना यायचं होतं ते आले. मुलांना, आई-वडिलांना घेऊन आले, डोळे भरून दिवे पाहून गेले. जानेवारी 2016 च्या पहिल्या आठवड्यात ते दिवे कायमचे मालवले. निरोपाची संधी मिळालेल्या माणसाचा विरह निराळा असतो. दारात पोहोचल्यावर ‘आता ते नाही’ हे ऐकणाऱ्याच्या वाट्याला तो येत नाही.

निसर्गाच्या बाबतीतही लोक असाच समजूतदारपणा दाखवतात. ऑक्टोबर 2024 मध्ये मिल्टन चक्रीवादळ फ्लोरिडावर आलं. 10 ऑक्टोबरला ऑरलँडोचे पार्क पूर्ण बंद राहिले, त्या रात्रीची हॅलोवीन पार्टी रद्द झाली. अशा वादळांसाठी डिस्नेचं धोरण ठरलेलं आहे. येण्याच्या आधीच्या सात दिवसांत ऑरलँडो परिसराला किंवा तुमच्या राहत्या गावाला चक्रीवादळाचा इशारा दिला गेला, तर डिस्नेकडे केलेलं बुकिंग दंड न भरता पुढे ढकलता किंवा रद्द करता येतं. आपल्याकडे नाटकाचा प्रयोग रद्द झाला की नाट्यगृहाच्या फलकावर पाटी लागते आणि खिडकीवर पैसे परत मिळतात, प्रेक्षक हळहळतो पण भांडत नाही. इथेही तसंच. नियम आधी ठाऊक आहे आणि नुकसान भरून मिळणार आहे, मग माणूस वादळाशीसुद्धा जुळवून घेतो.

दिवाळीलाही तिथे तारीख मिळाली

मराठी माणसाच्या दृष्टीनं या हंगामात आणखी एक घडामोड आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडशेजारच्या पार्कात 2016 पासून सणांचा एकत्रित महोत्सव भरतो. त्यात नाताळ, हनुक्का, क्वान्झा, थ्री किंग्ज डे यांच्याबरोबर दिवाळीही आहे. भारतीय नृत्याचे कार्यक्रम होतात, खाण्याच्या टपऱ्यांवर भारतीय चवीचे पदार्थ असतात. अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या नातवंडांना आपला सण त्या रोषणाईत दिसतो, ही आनंदाचीच गोष्ट.

हा महोत्सव नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमाराला सुरू होऊन जानेवारीत संपतो. दिवाळी आपल्या तिथीनं येते. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच झालं. म्हणजे अभ्यंगस्नान, फराळ उरकून कितीतरी दिवसांनी पार्कातली दिवाळी सुरू झाली. तरी कुणी नाराज होत नाही, कारण त्या तारखा आधी कळतात आणि त्या दिवाळीसाठी वेगळं तिकीट काढावं लागत नाही, दिवसाच्या तिकिटात ती पाहता येते.

काय व्हायला हवं

पार्कनं कधीच काही बदलू नये अशी मागणी कुणाचीच नाही. मागणी साधी आहे आणि पूर्ण करण्यासारखी आहे. पहिली, तिकीट विकताना त्याच पडद्यावर, ठळक अक्षरांत, त्या दिवशी पार्क किती वाजता बंद होणार हे दाखवा, दुसऱ्या पानावर शोधायला लावू नका. दुसरी, दिवस सहाला संपणार असेल तर तो पूर्ण दिवसापेक्षा स्वस्त आहे हे दरातच दिसू द्या. तारखेप्रमाणे दर ठरवणाऱ्या यंत्रणेला तासांचा हिशेब अवघड नाही. तिसरी, पैसे घेतल्यानंतर तास कमी केले किंवा जाहीर केलेला मोठा कार्यक्रम काढून टाकला, तर तारीख बदलण्याचा किंवा पैसे परत घेण्याचा हक्क पाहुण्याला द्या. काउंटरवर हुज्जत घालणाऱ्यालाच तो मिळावा, असं होऊ नये. चौथी, डागडुजीचं वेळापत्रक लवकर सांगा. टोकियो डिस्ने रिसॉर्ट आपल्या बंद राहणाऱ्या राइडच्या तारखा महिने महिने आधी जाहीर करतो. तेव्हा हे अशक्य आहे असं म्हणता येणार नाही.

वादळासाठी असा नियम करता आला, तर पार्टीसाठीही येईल. वादळ कधी येईल हे कुणाच्या हातात नसतं, पार्टीची तारीख तर कंपनी स्वतः ठरवते. जी गोष्ट स्वतःच्या हातात आहे तिची जबाबदारी जास्त असायला हवी.

थीम पार्कातल्या इमारती, दिवे आणि राइड हे भांडवल खरंच. पण आजी-आजोबांनी नातवंडांसाठी राखून ठेवलेला एक दिवस हेही तिथे गुंतवलेलं भांडवल आहे आणि ते कंपनीच्या कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. त्या दिवसाला एका बाजूनं किंमत लावता येत असेल, तर त्याची हमीही त्याच बाजूनं द्यायला हवी.